बाभळीचा ठोकळा

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. चैत्र सरत आला होता आणि पुसदच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर आमची घरगाडी उभी होती. काटेवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सगळे उतरले का?"

"उतरले," आमचे हे म्हणाले.

"म्हातारीपण?"

मीच सांगितलं, "आत्याबाई पौषात गेल्या, भाऊ."

"अरे अरे," काटेवाला म्हणाला. "माझ्या काट्याशी एवढं कोणी भांडलं नव्हतं."

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या सासूबाई, सरूबाई पातूरकर, शेवटची तीन वर्षं गाडीतल्या खाटेवर पडून होत्या. कंबर गेली होती. गाडीच्या वार्षिक पासिंगसाठी कच्च्या वजनाची, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाची, चिठ्ठी लागायची. रिकामी गाडी म्हणजे आत माणूस नको. पण त्यांना उतरवायला कोणी गेलं की त्या म्हणायच्या, "मी गाडीचं सामानच हाय. मोज मला." तीनही वर्षं त्यांना आत ठेवूनच गाडी मोजली गेली आणि कागदावर तेच वजन चढलं.

गाडी म्हणजे एक भंगारात निघालेली प्रवासी बस. माझ्या सासऱ्यांनी ती एकसष्ट साली घेतली आणि तिच्यात फिरता फोटो स्टुडिओ केला. मागच्या दारात राजवाड्याचा रंगवलेला पडदा, मध्ये फोटो धुवायची अंधारखोली, पुढं चूल, खाट, भांड्यांची फळी. बाजाराच्या गावी बाजारादिवशी, जत्रेला जत्रेच्या दिवशी. मी सहासष्टला लग्न होऊन आले ती त्या गाडीच्या तीन पायऱ्या चढून. माप ओलांडलं ते ड्रायव्हरच्या सीटशेजारी.

त्या दिवशी गाडीचं वजन आत्याबाईंइतकं कमी भरायला हवं होतं. चाळीस किलो तरी. ह्यांना तीच काळजी होती. गेल्या वर्षीच्या कागदाशी मेळ बसला नाही तर साहेब विचारणार, कोणता भाग काढला, का काढला. मला काळजी नव्हती. मला मेळ बसायला नकोच होता.

ते सांगायला हवं. छबू, आमची मुलगी, सहा वर्षांची झाली होती. तिला अक्षरं येत होती ती जत्रेतल्या पाट्यांवरची. शाळेत घालायची तर एका गावात राहायला हवं. हे विषय निघाला की म्हणायचे, "गाडी पास होईल तोवर गाडी. ज्या वर्षी नापास होईल, त्या दिवशी पुसदात खोली घेऊ. शब्द देतो." आणि गाडी दरवर्षी पास व्हायची.

काटेवाल्यानं चिठ्ठी फाडून दिली. ह्यांनी वाचली, मग गेल्या वर्षीची खिशातून काढून शेजारी धरली.

"तेवढंच आहे," ते म्हणाले.

"काय तेवढंच?"

"वजन. किलोचाही फरक नाही." त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं. टाकीत पाणी जास्त असेल."

टाकी मी सकाळीच रिकामी केली होती. छबूला आंघोळ घालून उरलेलं पाणी एका रोपट्याला ओतलं होतं. आत्याबाईंची खाट तेराव्याला दान गेली होती, पेटी नणंदेनं नेली होती. मी गाडीकडे पाहिलं. ती नेहमीसारखीच, मागच्या डाव्या बाजूला किंचित कलून उभी होती. त्या बाजूला आत्याबाईंची खाट असायची.

त्या सकाळी मी आणखी एक गोष्ट करून बसले होते.

आदल्या दिवशी हनीफ मिस्त्रीनं गाडी पासिंगसाठी तयार करून दिली होती. गाडीला क्लीनर नव्हता. पाने द्यायचं, बोल्ट पुसायचं काम माझं. हनीफभाई गाडीखाली उताणे पडून बोलत असायचे.

"वहिनी, बावीसचा द्या."

मी दिला.

"हा नट बघा. हँडब्रेकचा सगळा जीव याच्यात हाय. मी आवळला म्हणून गाडी उभी राहणार. हा उलटा फिरवला की वरचा दांडा नुसता शोभेचा, नवरदेवाच्या तलवारीसारखा."

"आमच्यात हँडब्रेक ओढतंय कोण," मी म्हटलं.

"ठाऊक हाय. तुमचा ठोकळा." ते हसले, मग हसणं थांबवून म्हणाले, "म्हातारीचं चुकत नव्हतं."

आमच्या गाडीत हँडब्रेकवर कोणीच विसंबत नसे. एकसष्ट सालीच, गाडी घेऊन चार महिने झाले असतील, एका घाटाच्या पायथ्याशी गाडी चढाला उभी होती. हँडब्रेक ओढलेला होता. माझे सासरे मागच्या चाकाशी पाठ करून, आरसा मांडून दाढी करत बसले होते. ब्रेक सुटला. गाडी फार नाही, हातभर मागं आली.

त्यानंतर आत्याबाईंनी बाभळीचा एक ठोकळा तासून घेतला. तिकोनी, जड, एका कोपऱ्याला लोखंडी पट्टी. गाडी कुठंही थांबली, सपाटीला थांबली तरी, तो चाकामागं गेलाच पाहिजे. आधी त्या स्वतः उतरून लावायच्या. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. गाडी थांबली की आतून आवाज यायचा, "लावला का वं?" निघताना मी ठोकळा उचलायचे आणि सांगायचे, "काढला, आत्याबाई." मग त्या अडकित्त्यानं पत्र्यावर दोनदा ठोकायच्या. टक, टक. त्याशिवाय ह्यांचा पाय क्लचवरून उठायचा नाही. सवय कसली, नेमच झाला होता तो घरचा.

आत्याबाई गेल्या तेव्हा ठोकळा त्यांच्याबरोबर दिला. चितेवर, पायाशी. हेच म्हणाले, "तिचाच आहे, तिच्याबरोबर जाऊ दे." दुसऱ्या दिवशी राखेत लोखंडी पट्टी सापडली. ती ह्यांनी अस्थींबरोबर पूस नदीत सोडली. मग सागवानाचा नवा ठोकळा केला, पांढरा, हलका, बिनपट्टीचा. तो लावताना मला दर वेळी उसनं भांडं वापरल्यासारखं वाटायचं.

तर त्या सकाळी हे विहिरीवर गेले असताना मी बावीसचा पाना घेऊन गाडीखाली सरकले आणि तो नट उलटा फिरवला. सहा फेरे. ह्यांना कळणार नव्हतं, कारण ह्यांनी दांड्याला हातच लावला नसता. मी हिशेब केला होता. परीक्षेच्या वेळी साहेब दांडा ओढायला लावतील, गाडी जरा मागं सरकेल, हे सीटवर असतील, पायाचा ब्रेक दाबतील. पायाचा ब्रेक चांगला होता. साहेब कागदावर नापास लिहितील आणि जूनमध्ये छबू शाळेत जाईल. सासरे कसे गेले ते मला ठाऊक होतं. तरी मी ते केलं. म्हटलं, हे सीटवर असतीलच की.

पासिंगचा कॅम्प तलावाजवळच्या विश्रामगृहापुढं लागायचा. जिल्ह्याहून साहेब महिन्यातून एकदा यायचे. त्या वर्षीचे खरवडे साहेब नवीन होते. पन्नाशीचे, बारीक, डोक्यावर भिजवलेला रुमाल. झाडाखाली ट्रक, टेम्पो, एक बैठी जीप, सगळे रांगेत. आमचा नंबर लागला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टळटळीत दुपार, पानसुद्धा हलत नव्हतं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. "बस, घर, की दुकान?"

"तिन्ही, साहेब," हे म्हणाले.

"कागदावर एकच लिहिता येतं."

त्यांनी दिवे पाहिले, भोंगा वाजवून पाहिला, चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेले आकडे मोठ्यानं वाचले. वजनाची चिठ्ठी पाहिली. गेल्या वर्षीचा कागद पाहिला.

"छान," ते म्हणाले. "लोकांची वजनं वर्षात वाढतात. तुमची गाडी संयमी दिसते. आत कोणी आहे का?"

"कोणी नाही."

"मग खिडकीचा पडदा कोणी सरकवला?"

आम्ही तिघांनी वर पाहिलं. आत्याबाईंच्या खाटेकडची खिडकी. पडदा सरकलेला होता खरा. मी सकाळी ओढून घेतला होता की नाही, मला आठवेना.

"वाऱ्यानं," हे म्हणाले. वारा नव्हता.

साहेबांनी जास्त विचारलं नाही. "तो ठोकळा आत टाका आणि गाडी त्या चढावर घ्या. हँडब्रेक बघू."

तलावाच्या बांधावर जाणारा मुरमाचा चढ होता, चांगला उभा. मी नवा ठोकळा उचलून ड्रायव्हरच्या सीटखाली सारला. हे गाडी घेऊन चढावर गेले, मध्यावर थांबले. आम्ही मागून चालत गेलो. छबूच्या हातात एक वाया गेलेली फिल्म होती. ती डोळ्याला लावून ती सूर्याकडे बघत चालली होती.

"हँडब्रेक ओढा," साहेब म्हणाले. "इंजिन बंद. न्यूट्रल."

मला खिडकीतून ह्यांचा हात दिसला. दांडा वर आला, सहज, काही न अडता. ह्यांनी दांड्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, आता पाय काढतील, गाडी सरकेल, पुन्हा दाबतील. झालं.

"पाय काढा."

ह्यांनी पाय काढला. गाडी उभी.

"आता खाली उतरा."

हे मी धरलंच नव्हतं. आधीचे साहेब कधी ड्रायव्हरला उतरवायचे नाहीत.

"साहेब, मी आतच..." हे म्हणाले.

"तुम्ही आत असलात तर मी तुमचा पाय तपासला, ब्रेक नाही. उतरा."

हे उतरले. दार उघडंच ठेवलं, एक हात दाराला. सात-आठ टनांची वाटावी अशी ती गाडी चढावर उभी होती. आत कोणी नाही, गिअर नाही, ब्रेक नाही. आणि ती हलत नव्हती. साहेबांनी घड्याळ काढून हातात धरलं. मी चाकाकडे पाहत होते. तेवढ्यात लक्षात आलं की छबू माझ्याजवळ नाही.

मी वाकून पाहिलं. ती मागच्या डाव्या चाकामागं, गाडीच्या सावलीत बसली होती. मांडी घालून, पाठ चाकाकडे करून. सासरे बसले होते तशी. फिल्ममधून खालच्या गाड्यांच्या रांगेकडे बघत होती.

साहेब माझ्याआधी मागं गेले होते. ते चाकाशी थांबले, खाली पाहिलं, थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग शांतपणे म्हणाले, "बाई, मुलीला उचला."

मी छबूला ओढून काढलं. तिचं परकर-पोलकं घामानं भिजलेलं होतं, पण पाठ गार होती. माठाला टेकून बसल्यासारखी.

"चला," साहेब ह्यांना म्हणाले, "घ्या गाडी वर."

हे चढले. पायाचा ब्रेक दाबलेला मला ऐकू आला. इंजिन सुरू झालं, गिअर पडला. गाडी मात्र निघेना.

"घ्या की."

इंजिन नुसतं घुरघुरत होतं. मला बाजूच्या आरशात ह्यांचा चेहरा दिसला. ते माझ्याकडे पाहत होते. बारा वर्षांची सवय होती ती. कशाची वाट बघतायत ते मला कळलं, आणि त्यांनाही ते कळत नव्हतं असं नाही. पण आत्याबाईंच्या मागं गेले चार महिने नवा ठोकळा काढला की टकटकीवाचूनच ते निघत होते. त्याच दिवशी थांबले.

मी छबूला कडेवरून उतरवलं आणि चाकाजवळ वाकले. तिथं काही नव्हतं. मुरूम होता, चाक होतं. मी हात खाली टेकवला. सगळा चढ तव्यासारखा तापला होता आणि तेवढीच जागा, ठोकळ्याएवढी तिकोनी, गार होती.

"काढला, आत्याबाई," मी म्हटलं.

आतून पत्र्यावर आवाज आला. लोखंडाचा. टक, टक.

गाडी निघाली आणि सरळ बांधावर गेली.

"आत कोणी नाही म्हणालात," साहेब म्हणाले.

"कोणी नाही, साहेब. भांडी वाजली असतील."

त्यांनी रुमालानं मान पुसली. रांगेतल्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. साहेबांनी कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि सही केली. पास.

कॅम्प उठल्यावर आम्ही बांधापलीकडे सपाटीला थांबलो. हे गाडीखाली गेले. मी चुलीत काड्या सरकवत बसले, पण पेटवल्या नाहीत. बऱ्याच वेळानं हे बाहेर आले. हातात बावीसचा पाना.

"मागच्या चाकांच्या आसावर राहिला होता," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"हनीफ विसरत नाही पाने."

"नाही."

"मी सीटवरच असेन असं वाटलं तुला?"

"हो."

"आणि छबू कुठं होती?"

"चाकामागं. सावलीला."

ते होते तिथंच, मातीत बसले. पाना त्यांनी मांडीवर ठेवला, मग बाजूला, मग पुन्हा मांडीवर. मी वाट पाहत होते की आता ओरडतील. एकदा तरी हात उगारतील. छबू पायरीवर बसून भाकरीचा पापुद्रा सोलत होती.

"आई गेली त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाली होती," हे म्हणाले. "म्हणाली, मी उतरले की सुनेलाही उतरव. मी म्हटलं, कुठं उतरवू? म्हणाली, जिथं पोरगी शिकेल तिथं. मी तुला सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"मग उतरावं लागलं असतं."

चार महिने त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. आणि मी समजत होते, की म्हातारीच आम्हाला त्या गाडीला बांधून गेली. कितीदा तिला मनात बोल लावले होते. नट फिरवतानासुद्धा लावले होते.

ह्यांनी पायरीवरच्या छबूकडे पाहिलं. म्हणाले, "शाळा कधी उघडते?"

"जूनच्या सातला."

"बरं," ते म्हणाले, आणि पाना माझ्या हातात दिला. "हा पेटीत ठेव."

गाडी वर्षभरासाठी पास झालेली होती. त्या वर्षात ती एकदाच चालली, आमचं सामान पुसदच्या खोलीवर आणायला. मग ती हनीफभाईंच्या गॅरेजमागं उभी राहिली. तिच्यात काही वर्षं त्यांच्या शेळ्या असायच्या. हनीफभाई सांगायचे की डाव्या बाजूला शेळी बसत नाही. ते एक्क्याऐंशीला गेले. गाडी त्यांच्या मुलानं तोडून विकली. मला विचारून विकली, हे त्याचं चांगलं.

ह्यांनी बाजाररस्त्याला 'छबी फोटो स्टुडिओ' काढला. राजवाड्याचा पडदा तोच. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात ते झोपेतच गेले. छबू शिकली, शिक्षिका झाली, पुढं मुख्याध्यापिका झाली, आता तीही निवृत्त आहे. त्या दुपारचं तिला काही आठवत नाही. एवढंच म्हणते, की मोठ्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्यासारखं काहीतरी आठवतं. त्या चढावर झाड नव्हतं.

ह्यांच्या मागं स्टुडिओ मीच चालवला. एक्क्याण्णव साली एक म्हातारे गृहस्थ पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला आले. काठी टेकत. मी त्यांना स्टुलावर बसवलं, दिवे लावले, कॅमेऱ्याशी गेले, तर ते माझ्याकडेच पाहत होते.

"तुमची घरगाडी होती ना?" ते म्हणाले. "मी खरवडे."

मी चहा मागवला. ते इकडचं तिकडचं बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुम्ही रागावणार नसाल तर एक बोलतो. नोकरीत मी कधी खोटी सही केली नाही. एकदाच केली, ती तुमच्या गाडीची."

"कशी?"

"हँडब्रेकच्या परीक्षेला चाकाला काही लावू देत नाहीत. मी मागं आलो तेव्हा पाहिला मी तो. काढायलाच लावणार होतो, पण तुमची पोर त्याला टेकून बसली होती. म्हटलं, आधी पोर उठू दे. मग तुम्ही आपणच वाकून काढलात. मी गाडी पुन्हा चढावर लावा म्हणायला हवं होतं. पण ऊन होतं, मागं वीस गाड्या होत्या. केली सही." त्यांनी काठीची मूठ चोळली. "सतरा वर्षं टोचतंय. तुम्ही लावला होतात ना तो ठोकळा? पांढरा तर मी आत टाकायला लावला होता. हा दुसरा. काळा पडलेला, एका कोपऱ्याला लोखंडी पट्टी. बाभळीचा असावा."

मी दिव्याचा कोन बदलला. त्यांची हनुवटी बोटानं जराशी वर केली. मग कॅमेऱ्यामागं गेले.

"बाभळीचाच होता, साहेब," मी म्हटलं. "आता हलू नका."